शाळेची जिल्हाबंदी
(कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झाले, पीकविम्यावर बोलून झाले, विजेवर बोलून झाले. आता शाळेचा विषय निघाला म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही भाऊ तंबाखू मळायला उठले आहेत. त्यांना विनंती आहे की थोडे थांबा. हा विषयही भावाचाच आहे, सीमाबंदीचाच आहे. फक्त गाडीत कापूस नाही, आपले पोर आहे.

मागच्या फेरीत एका गावी सभा संपल्यावर एक बाई आमच्याजवळ आल्या. घरची सहा एकर कोरडवाहू. गावात जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग चार, गुरुजी दोन, आणि त्यातले एक या ना त्या सरकारी कामावर कायम बाहेर. बाईंनी मुलीचा दाखला काढला आणि पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात, जिल्हा परिषदेच्याच शाळेत तिचे नाव घातले. तेव्हापासून गावाने त्यांना धारेवर धरले आहे. ‘तुझ्यामुळे शाळेचा पट एकोणीसवर आला. उद्या शाळा बंद पडली तर पाप तुझ्या माथी.’ बाईंनी आम्हाला एवढेच विचारले, ‘दादा, मी चुकले का?’

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. उत्तर द्यायला तोंडच नव्हते. त्या सभेला आलेल्या आम्हा कार्यकर्त्यांपैकी निम्म्यांची पोरे रोज सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या खाजगी शाळेत जातात. आम्ही फी भरून गावची शाळा सोडली तेव्हा कोणी पाप काढले नाही. त्या बाईंनी एका सरकारी शाळेतून दुसऱ्या सरकारी शाळेत पोर नेले, तर गाव उठले. आज त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. त्यासाठी जरा लांबून यावे लागेल. थेट अमेरिकेतून.

अमेरिकाच का? कारण हाच तंटा त्या देशात पन्नास वर्षांहून अधिक काळ कोर्टात, विधिमंडळात आणि गावोगाव चालला आहे. आणि तो काही फक्त न्यूयॉर्कच्या साहेबांचा तंटा नाही. ज्वारी पिकवण्यात अमेरिकेत पहिले असलेले कॅन्सस आणि कापसात पहिले असलेले टेक्सास, दोन्ही राज्ये त्यात आहेत.

पत्ता ठरवील ती शाळा

आधी तिकडची व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेतली बहुसंख्य मुले सरकारी शाळेत फुकट शिकतात. श्रीमंताचे पोरही बऱ्याचदा सरकारी शाळेतच असते. या शाळा चालवतो तो ‘शाळा-जिल्हा’. हा आपल्यासारखा कलेक्टरचा जिल्हा नव्हे. एखादे शहर, शहराचा तुकडा, किंवा दहा-वीस खेडी मिळून एक शाळा-जिल्हा होतो. त्याचे मंडळ बहुतेक ठिकाणी लोक निवडून देतात आणि ते मंडळ घरादारावर, जमिनीवर कर बसवते. देशात असे सुमारे तेरा हजार शाळा-जिल्हे आहेत. तुमचे घर ज्या शाळा-जिल्ह्यात, त्यातच तुमच्या पोराची शाळा, असा मूळचा नियम.

वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण खोच पैशात आहे. शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. बंगल्यांच्या वस्तीत कर थोडा लावला तरी तिजोरी भरते. मजुरांच्या वस्तीत कर दाबून लावला तरी हाती चिल्लर येते.

याचा हिशेब अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावरच आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा गरीब शाळा-जिल्हा आहे, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा. त्याच शहरात अलामो हाइट्स हा सुखवस्तूंचा. १९६७-६८ साली एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सचे लोक ०.८५ डॉलर. म्हणजे गरिबाचा दर जास्त. आणि पदरात काय पडले? स्थानिक करातून एजवूडला दर मुलामागे २६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ३३३ डॉलर. राज्याची आणि केंद्राची मदत मिळवूनही एजवूडच्या पोराला ३५६ आणि त्या दुसऱ्या पोराला ५९४.

पत्र्याचे काम करणारे देमेत्रिओ रॉड्रिग्ज आणि त्यांचे शेजारी कोर्टात गेले. १९७३ साली निकाल लागला, पाच विरुद्ध चार. न्यायालय म्हणाले की शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि ही करपद्धती घटनेच्या विरुद्ध नाही. एका मताने रॉड्रिग्ज हरले. पुढल्याच वर्षी, १९७४ साली, डेट्रॉइट शहराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठीसुद्धा, आजूबाजूच्या शाळा-जिल्ह्यांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय, मुलांना सीमा ओलांडून पाठवण्याची सक्ती करता येणार नाही. सीमा पक्की झाली. घर घेणे म्हणजेच शाळा घेणे, असा तिथला व्यवहार होऊन बसला. ज्याला घर परवडत नाही त्याने काय करायचे?

रात्रीचा कापूस

आपल्यातल्या जुन्या मंडळींना एकाधिकार खरेदी आठवत असेल. १९७२ साली ती योजना आली. कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. चुकारे महिनोन्महिने अडकायचे. शेजारच्या राज्यात भाव बरा मिळे, म्हणून शेतकरी रात्री कापूस गाडीत भरून सीमेपलीकडे नेत. आपल्याच रानातला, आपल्याच घामाचा कापूस, आणि नेणारा चोर. या शतकाच्या सुरुवातीला ती योजना मोडीत निघाली. ते दिवस पाहिलेल्यांना पुढची हकीकत समजावून सांगावी लागणार नाही.

ओहायो राज्यात ॲक्रन शहरात केली विल्यम्स-बोलार नावाच्या एक काळ्या आई राहत होत्या. दोन मुली. स्वतःच्या शाळा-जिल्ह्यातली शाळा त्यांना सुरक्षित वाटेना. त्यांचे वडील शेजारच्या शाळा-जिल्ह्यात राहत. आईने वडिलांचा पत्ता देऊन मुलींची नावे तिकडच्या शाळेत घातली. त्या शाळा-जिल्ह्याने खाजगी गुप्तहेर मागे लावला, बाईंचा पाठलाग करून चित्रीकरण केले, आणि फीपोटी सुमारे तीस हजार डॉलर मागितले. २०११ च्या जानेवारीत खोटी कागदपत्रे केल्याच्या गंभीर गुन्ह्यात त्या दोषी ठरल्या. नऊ दिवस तुरुंगात काढले. देशभर ओरड झाली, तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यपालांनी तो गुन्हा खालच्या दर्जाचा करून दिला.

कापूस सीमेपलीकडे नेला तर चोर. पोर सीमेपलीकडच्या शाळेत नेले तर चोर. बंदी कोणतीही असो, ती मोडताना सापडतो तो गरीबच. पैसेवाल्याला बंदी मोडावी लागत नाही. तो घर बदलतो.

खाणकामगाराच्या पोराने उघडलेले दार

ही बंदी पहिल्यांदा राज्यभर उठली ती मिनेसोटात. रूडी पर्पिच तिथले राज्यपाल होते. क्रोएशियातून आलेल्या, लोखंडाच्या खाणीत राबणाऱ्या मजुराचा हा मुलगा. शाळेत जाईपर्यंत त्यांना इंग्रजी येत नव्हते. पक्षाचे नावच डेमोक्रॅटिक-शेतकरी-कामगार पक्ष. १९८५ साली त्यांनी मांडले की पालकाला राज्यातल्या कोणत्याही शाळा-जिल्ह्यात पोर घालता आले पाहिजे. शिक्षकांच्या संघटना विरोधात गेल्या, शाळा-मंडळे विरोधात गेली. पहिल्या वर्षी तो प्रस्ताव पडला. १९८८ साली कायदा झाला आणि १९९०-९१ पासून राज्यातल्या सगळ्या शाळा-जिल्ह्यांना लागू झाला. त्याला ‘खुला प्रवेश’ म्हणतात. १९८९ साली आयोवा, नेब्रास्का आणि आर्कान्सा या शेतीच्या राज्यांनी त्याच वाटेने पाऊल टाकले. आज बहुतेक राज्यांत या ना त्या स्वरूपात अशी सोय आहे.

आपल्याला त्यातली यंत्रणा समजून घ्यायची आहे. चार खिळ्यांवर ती उभी आहे.

पहिला खिळा म्हणजे पैसा पोरामागे जातो. राज्य दर मुलामागे जी रक्कम शाळेला देते, ती पोर गेले त्या शाळा-जिल्ह्याला मिळते. म्हणून पोर हे नव्या शाळेला ओझे वाटत नाही. दुसरा खिळा, शाळेने पोराला ग्रेड लावायची नाही. खरेदी केंद्रावरचा ग्रेडर कसा कापसात हात घालतो आणि ‘हा चालेल, हा नाही’ म्हणतो, तसे चालत नाही. हुशार आहे का, खेळतो कसा, अपंग आहे का, हे पाहून प्रवेश नाकारता येत नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. भावंड आधीच त्या शाळेत असेल तर त्याला अग्रक्रम. तिसरा खिळा, अर्जाची तारीख ठरलेली असते. मिनेसोटात ती साधारणपणे १५ जानेवारी आहे. शाळेलाही आधी कळते की पुढल्या वर्षी किती पोरे येणार.

चौथा खिळा गाडीचा, आणि हाच खिळा सैल आहे. नवी शाळा आपल्या हद्दीपासून पुढे पोराला गाडीत घेते. हद्दीपर्यंत पोर आणायचे कोणी? आईबापाने. फार गरीब घरांना या प्रवासखर्चाची भरपाई मागता येते, पण रोज सकाळी गाडी आणि मोकळा माणूस घरात असावा लागतोच.

पालक निवडतात तरी कसे?

आपल्याला वाटेल, अमेरिकेतला पालक निकालाचा तक्ता मांडीवर घेऊन बसत असेल. काही बसतात. पण पुष्कळ घरांतला हिशेब आपल्या घरातल्यासारखाच आहे. शाळा आईच्या कामाच्या वाटेवर आहे का? आजीचे घर शाळेजवळ आहे का, म्हणजे सुटल्यावर पोर तिथे थांबेल? थोरला भाऊ कुठे आहे? वर्गात पोरे किती? पोराला कोणी छळते का? पोराला हवा तो विषय, हवा तो खेळ तिथे आहे का? विस्तीर्ण शेतीच्या भागात तर आणखी साधी गोष्ट असते. हद्दीच्या टोकाला राहणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या शाळा-जिल्ह्याची शाळा लांब आणि पलीकडची जवळ पडते. रेषा कोणीतरी नकाशावर मारलेली असते, रस्ता वेगळीकडेच जात असतो.

आणि काही पालक निवडतात ते मास्तर पाहून नव्हे, वर्गात कोणाची पोरे बसतात ते पाहून. हेही बोलले पाहिजे. मिनेसोटा विद्यापीठातल्या एका संस्थेने २०१२ साली दाखवून दिले की मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहराच्या परिसरात खुल्या प्रवेशाने वंशावंशांतली फाळणी वाढवली. गोरी मुले जास्त गोऱ्या शाळांकडे सरकली. जातीची आळी सोडून पोर दुसरीकडे नेणारे आपल्याकडेही आहेत. त्याला निवड म्हणायचे की जुनाच विटाळ, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

मागे राहते ते गाव

आता त्या गावाची बाजू ऐका, कारण तीही खोटी नाही. समजा शाळेत शंभर पोरे आहेत. त्यातली दहा गेली. दहा पोरांचा पैसा गेला. पण छप्पर तेवढेच, गाडीचे डिझेल तेवढेच, प्रत्येक वर्गाला एक मास्तर तेवढाच. खर्च दहा टक्क्यांनी उतरत नाही. मग संगीताचा मास्तर कमी होतो, पुढल्या वर्षी विज्ञानाचा. ते पाहून आणखी पाच जण जातात. उसवलेल्या पोत्यासारखे आहे. एक टाका निघाला की पुढचे आपोआप निघतात.

खेड्यातल्या शाळा बुडण्याची कथा मात्र खुल्या प्रवेशापासून सुरू होत नाही. १९३९-४० साली अमेरिकेत सुमारे एक लाख सतरा हजार शाळा-जिल्हे होते. ते तेरा हजारांवर आले ते मुख्यतः सक्तीच्या किंवा नाइलाजाच्या विलीनीकरणाने. ट्रॅक्टर आले, शेते मोठी झाली, माणसे घटली, रस्ते झाले आणि शाळा उठल्या. तेव्हा पालकांना कोणी विचारले नव्हते. म्हणजे पालकाने शाळा निवडली नाही तरी शाळा बंद पडतेच. वरून बंद पडते, एवढाच फरक.

ज्वारीच्या कॅन्ससने २०२२ साली कायदा केला आणि २०२४-२५ पासून तो अमलात आला. प्रत्येक शाळा-जिल्ह्याने इयत्तावार किती जागा रिकाम्या आहेत ते जाहीर करायचे, त्या जागा बाहेरच्या मुलांना द्यायच्या, आणि अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या. यातली पहिली पायरी लक्षात ठेवा. जागा जाहीर करायच्या. बाजारात आवक आणि भाव फळ्यावर लिहिला नाही तर शेतकरी आंधळा. शाळेचेही तसेच.

आपल्या घरची गोष्ट

आता घरी येऊ. आपल्याकडे सरकारी शाळेला हद्दीची बेडी नाही, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचे कलम ५ वाचा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली, राज्यात किंवा राज्याबाहेर, तर दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. जो मुख्याध्यापक दाखला अडवील त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. ऊसतोडीला जाणाऱ्या, जिनिंगवर कामाला जाणाऱ्या आईबापांनी हे कलम पाठ करावे.

म्हणजे ओहायोच्या त्या आईने जे चोरून केले, ते आपल्या त्या बाईंनी कायद्याने केले. मग गावाचा राग कशावर? पटावर. आपल्याकडे रोख पैसा पोरामागे जात नाही, पण गुरुजी जातो. पटावर संचमान्यता होते, संचमान्यतेवर शिक्षक मिळतात. पट वीसच्या खाली गेला की शाळा गुंडाळण्याची भाषा सुरू होते. गाव घाबरते ते खरे आहे. पण गावाने बोट दाखवले ते चुकीच्या माणसाकडे. कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. दुसरे गुरुजी वर्षभर वर्गात नव्हते, तेव्हा गाव कुठे होते? आणि पटातून सगळ्यात जास्त पोरे नेली ती पिवळ्या गाडीने. त्या गाडीत आमची पोरे होती.

म्हणून आम्ही आज या मेळाव्यासमोर चार गोष्टी ठेवतो.

एक. तालुक्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत वर्गवार पट किती, शिक्षक किती, जागा किती, हे उन्हाळी सुटीआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे.

दोन. गाडी. मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बस आहेत. त्या शाळेच्या वेळेला धावतात का, हे आपण पाहायचे. गाडी नसेल तर निवड फक्त मोटारसायकलवाल्याची. आणि मुलांना पास का नसावा, हेही विचारायचे.

तीन. दाखला अडवणाऱ्याला कलम ५ दाखवायचे. पोर नेणाऱ्या आईबापाला गावाने वाळीत टाकायचे नाही.

चार. शाळा व्यवस्थापन समिती. कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. आपल्या किती गावांत ती समिती फक्त सहीपुरती आहे? ज्याला पाय आहेत तो शाळा सोडून जाईल. ज्याची गाडी नाही, ज्याची आई आजारी आहे, ज्याला धाकटे भावंड सांभाळायचे आहे, ते पोर गावातच राहणार. त्याच्यासाठी भांडायची जागा ही समिती आहे. पाय वापरणाऱ्याला अडवू नका, पण तोंड असणाऱ्याने गप्प बसू नका.

आता त्या बाईंचे उत्तर. त्या आज मेळाव्याला आल्या असतील तर त्यांनी ऐकावे. ताई, तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही पोरीचा हक्क घेतलात आणि तो कायद्याने घेतलात. चुकलो आम्ही. आम्ही आधी गेलो, गुपचूप गेलो, आणि जाताना दुसऱ्या गुरुजींचा प्रश्न विचारला नाही. तुमच्या गावात व्यवस्थापन समितीची पुढली बैठक होईल, तिला आम्ही येतो. बैठकीत आम्हाला बोलण्याचा अधिकार नाही. समितीने बोलावले तर बोलू, नाहीतर दाराबाहेर बसू. तुमची पोर त्या शाळेत परत यावी असा आग्रह आम्ही धरणार नाही. पण ज्यांची पोरे अजून तिथे आहेत, त्या एकोणीस जणांना दोन्ही गुरुजी वर्गात मिळेपर्यंत आम्ही येत राहू.

एवढे बोलून थांबतो. बाहेर तंबाखूला गेलेल्यांना आत बोलवा. गावोगावच्या बैठकांच्या तारखा लिहून घ्यायच्या आहेत.